निशिगंधाचा बाक

सुरुवातीलाच माफी मागतो. सरांवर लिहायचं तर ज्याला लिहिण्याची सवय आहे अशा कुणी लिहायला हवं होतं. माझ्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलेलं नाही. कागद पुढे घेतला की मला अर्ज लिहायला बसल्यासारखं वाटतं आणि पहिली ओळ 'महोदय' अशीच सुरू करावीशी वाटते. शिवाय मी सरांचा विद्यार्थीही नव्हतो. भाडेकरू होतो.

दुसरी माफी जास्त महत्त्वाची आहे. एका गोष्टीबद्दल सर शेवटपर्यंत गप्प राहिले आणि नेमकी तीच मी इथे सांगणार आहे. ज्यांच्यापासून ती लपवली ते माझे बाबा. बाबा पेपरातले संत्र्याचे भाव तेवढे वाचतात. तरी कुणी हे त्यांना वाचून दाखवलंच, तर त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. सरांनी कधी वाटून घेतलं नव्हतं. निदान तसं दाखवलं तरी नव्हतं.

सर पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिक्स शिकवून निवृत्त झालेले. घर नागपूरच्या सक्करदऱ्याला, तलावापासून फार लांब नाही. पत्नी गेलेली, मुलगी पुण्याला. गच्चीवर एक खोली होती, ती भाड्याने द्यायची होती. मी काटोलजवळच्या गावाहून बी.एस्सी.साठी नागपुरात आलो होतो आणि खोल्या पाहून पाहून कंटाळलो होतो. प्रत्येक घरमालक आडनाव विचारायचा, मग गाव, मग खातोपितो काय. सरांनी यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी अंगणातली जास्वंदीची एक कळी तोडून माझ्या हातावर ठेवली.

"पाच पाकळ्या आहेत. सगळ्यात वर कोणती, ते सांग."

मी कळी फिरवून फिरवून पाहिली. एक पाकळी वर वाटे, पण तिचा दुसरा काठ शेजारणीच्या खाली गेलेला असे. खोली गेली असं समजून मी म्हणालो, "सर, मले नाही सांगता येत." मग जीभ चावून म्हणालो, "मला."

"कुणालाच येत नाही. प्रत्येकीचा एक काठ वर आहे, एक खाली. गोल बसल्या आहेत, एकमेकींना रेटून. म्हणून तर कळी मिटलेली राहते." त्यांनी कळी परत घेतली. "खोली पाहून घे. आणि ते 'मले' बदलू नको. बरं होतं."

मग त्यांनी खिशातून गवंड्याचा ओळंबा काढला, दोरीला लटकवलेलं पितळी वजन. तो माझ्या पाठीमागे धरून ते एक डोळा मिटून पाहू लागले.

"वाकतोस तू. हा बाक स्वभावाचा की वजनाचा?"

मी ताठ व्हायला गेलो. आजही नक्की सांगता येत नाही.

ओळंबा त्यांच्या खिशात कायम असे. विजेचा खांब, फाटकाची चौकट, पाहुण्यांची उभं राहण्याची पद्धत, सगळ्याशेजारी तो लटके. पण त्यांचं खरं वेड फुलांचं होतं. फुलांवर प्रेम करणारे पुष्कळ असतात, सर त्यातले नव्हते. वास, रंग, देवाला काय वाहतात, याच्याशी त्यांना घेणंदेणं नव्हतं. फुलाला आकार येतो तेव्हा त्याला कोण ओढतं, कोण दाबतं, कोण अडवतं, एवढंच त्यांना पाहायचं असे. म्हणायचे, "मी बांधकामवाला माणूस. माझ्या पुलाला परांची लागते, सेंट्रिंग लागतं. हे फूल कशाच्या आधाराने उभं राहिलं, ते मला कुणी सांगत नाही."

त्यामुळे अंगणातली झाडं दवाखान्यातल्या पेशंटसारखी दिसत. कुठे कळीच्या कमरेला दोरा बांधलेला, कुठे देठाला लोखंडी वायसर टांगलेला, कुठे अर्ध्या फांदीवर टेबलफॅनचा वारा. दोरा बांधलेली कळी दुसऱ्या दिवशी अर्धीच उघडे आणि पाकळ्यांना पदराच्या निऱ्यांसारख्या चुण्या पडलेल्या असत. सर खूश. "मी काहीच बनवलं नाही. फक्त अडवलं."

शेजारच्या काकू सकाळी परडी घेऊन कुंपणाशी यायच्या. सरांनी जास्वंदीला पाटी लावली होती : प्रयोग चालू आहे, देवासाठी पलीकडचे झाड. पण पलीकडच्या झाडाला फुलं येत नसत.

"दोन फुलं घेतली तं तुमचं कोणतं इंजिन बंद पडते हो?" काकू विचारायच्या.

"पडते. त्या कळीला वजन टांगलेलं आहे, दिसत नाही का?"

"दिसते नं. देवालेही दिसून राहिलं. तो म्हणते, हे वजन काढा अन् फूल पाठवा."

शेवटी सर स्वतः एक फूल तोडून देत आणि ते आधी ओळंब्यापुढे धरून पाहत. काकू म्हणत, "झाली पूजा."

कोंबड्याच्या तुऱ्यासारखं ते मखमली फूल असतं ना, ते एकदा त्यांनी मला बोटांनी उलगडायला लावलं. "मधला भाग वाढायचा थांबला, काठ वाढतच राहिला. जास्तीचा काठ जाईल कुठे? मग नागमोडी होतो. परकराची झालर शिवतात ना, तसं. फक्त इथे शिंपी नाही." हे सांगून झाल्यावर ते मला लांब रोटी खायला घेऊन गेले. चौकात एक बाई मडकं पालथं घालून त्यावर रोट्या भाजत असे. पीठ हातांवर झुलवता झुलवता तिच्या कोपरापर्यंत यायचं. सर रोटी खायचं विसरून पाहत राहिले. "पाहिलं? लाटणं नाही. पीठ स्वतःच्या वजनाने पातळ होतं आहे." मग त्या बाईने विचारलं, "साहेब, खायची का फक्त पाहाची?" आणि त्यांची तंद्री मोडली.

मला या सगळ्यातलं किती कळायचं, सांगता येत नाही. मी भीत भीत हो म्हणायचो. वर्गातही तसंच करायचो. पण एका दिवाळीला गावाहून येताना मी आमच्या वावरातल्या कपाशीच्या कळ्या, आमच्याकडे त्यांना पात्या म्हणतात, ओल्या फडक्यात गुंडाळून आणल्या. का आणल्या, ठाऊक नाही. बाबा म्हणाले होते, "शहरात कोनी पात्या घेऊन जाते का गा?" सरांनी एक कळी चिमट्याने उलगडली आणि मला भिंग दिलं. पाकळ्यांच्या काठांवर बारीक लव होती आणि ती एकमेकींत गुंतली होती. पाकळ्या ओढल्या तर सुटायला नाखूश.

"हात धरले आहेत रे त्यांनी," सर म्हणाले. "म्हणून कळी टोकदार राहते, फुगून फाटत नाही." मग दुसरी कळी, तिसरी. एक उजवीकडे मुरडलेली, एक डावीकडे. त्या दिवशी ते जेवायचं विसरले. संध्याकाळी मला म्हणाले, "बाबू, तू लहानपणापासून ह्याच्यात वावरलास. तुला कधी वाटलं नाही, उघडून पाहावं?"

मी म्हणालो, "उघडलं की बोंड नाही येत, सर."

सरांनी हातातली कळी परत फडक्यात ठेवली. मग म्हणाले, "तेही खरं आहे."

आता मुख्य गोष्ट.

सरांना काचबिंदू होता. मला ते उशिरा समजलं, कारण ते नेहमी एका बाजूने पाहायचे आणि मला वाटायचं ती ओळंब्याची सवय. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गेलं ते परत येणार नाही, उरलं आहे ते किती टिकेल तेवढं पाहायचं. सरांच्या मुलीने, पुण्याच्या ताईंनी, ठरवून टाकलं की दिवाळीनंतर सरांना इकडे एकटं ठेवायचं नाही. सरांनी विरोध केला नाही. फक्त म्हणाले, "दिवाळीपर्यंत मला एक गोष्ट पाहून घेऊ दे."

ती गोष्ट म्हणजे निशिगंध. निशिगंधाचं फूल कधी जवळून पाहिलं असेल तर आठवेल, खाली लांब नळी असते आणि तिला थोडा बाक असतो. सरांचा प्रश्न एवढाच होता, की हा बाक त्याच्या अंगचाच आहे, की पृथ्वी त्याला खाली ओढते म्हणून येतो? स्वभावाचा की वजनाचा? माझ्या पाठीबद्दल त्यांनी विचारलं होतं तोच प्रश्न.

त्यासाठी त्यांनी मागच्या व्हरांड्यात एक यंत्र बनवलं. कूलरच्या पुढच्या जाळ्या हलवणारी बारीक मोटर, तिच्यावरून पट्टा शिलाई मशीनच्या जुन्या चाकाला, आणि त्या चाकाच्या आसावर सायकलची रिम. रिममध्ये निशिगंधाची कुंडी आडवी बांधलेली, माती सांडू नये म्हणून तोंडाला पोतं. सगळं इतकं हळू फिरे की नीट टक लावल्याशिवाय कळतही नसे. पट्ट्याचा जोड चाकावरून गेला की टक् असा आवाज होई. दिवसरात्र ते टक् ऐकू यायचं. खाली कुठे आहे हे झाडाला कळूच द्यायचं नाही, अशी कल्पना. खाली कळलं नाही तर ते वाकेल कशाला? आणि तरीही वाकलं, तर तो त्याचा स्वभाव.

कंद उन्हाळ्यात लावले होते. दांडा आला एकच. वीज, म्हणजे आमच्याकडची लाइन, गेली तर चालू राहावं म्हणून सरांनी बॅटरी जोडली होती. पाणी मी पिचकारीने घालायचो, कुंडी फिरता फिरता. नवरात्रात कळ्या चांगल्या भरल्या. सर रोज सकाळी बोटांनी एकेक नळी चाचपायचे आणि मग उरलेल्या नजरेने खिडकीच्या उजेडात पाहायचे. "अजून सरळ आहेत रे. बघ, सरळ आहेत ना?" मीही पाहायचो. सरळ होत्या. मला खरंच सरळ वाटल्या. मी कधी हो म्हणायचं म्हणून हो म्हणत असे, पण तेव्हा नाही. "उमलल्यावर बघू," ते म्हणायचे. "उमलण्याआधी काही बोलायचं नाही."

नवमीला सरांना कळमेश्वरला एका जुन्या विद्यार्थ्याकडे जेवायला बोलावलं होतं. नजरेमुळे एकटे जाता येईना, म्हणून मी सोबत गेलो. त्या घरच्यांनी रात्री सोडलं नाही. दसऱ्याच्या दुपारी आम्ही परत आलो. फाटक उघडताना सर मध्येच थांबले.

"आवाज नाही," ते म्हणाले.

मग मलाही कळलं. टक् ऐकू येत नव्हतं. झेंडूचा वास येत होता.

व्हरांड्यात बाबा बसले होते. संत्र्यांची थैली घेऊन ते आदल्या दुपारीच काटोलच्या बसने न सांगता आले होते. काकूंनी त्यांना माझ्या खोलीची किल्ली दिली होती. रिकामं बसणं बाबांच्या रक्तात नाही. त्यांनी व्हरांडा झाडला, यंत्राची धूळ पुसली, आसाला तेल दिलं. चाकाला हळदकुंकू, मोटरला कुंकू, रिमला झेंडूचा मोठा हार. आणि भिंतीवरचं बटण बंद केलं, बॅटरीची वायर काढून नीट गुंडाळून ठेवली.

"या सर," ते उठून म्हणाले. इतक्या आनंदाने मी त्यांना नागपुरात कधी बोलताना ऐकलं नव्हतं. "तुमची मशीन पाह्यली. चालूच होती! म्हणलं सर गावाले गेले, विसरले असतीन. खंडेनवमीले हत्याराले आराम देतेत नं आमच्याकडे. वावरातली मोटरही आज बंद राहते. मी कालच बंद केली."

आमच्याकडे खरंच असं आहे. त्या दोन दिवसांत नांगर, विळा, पंप, काही चालवायचं नाही. वर्षभर राबलेल्या वस्तूला एक दिवस हात जोडायचे. बाबांनी आयुष्यभर केलं तेच केलं होतं. परक्या घरात, सरांची इभ्रत राहावी म्हणून.

सर कुंडीजवळ गेले. हार थोडा बाजूला सारून त्यांनी दांड्याला हात लावला. दांडा कालपासून आडवा थांबला होता, त्यामुळे त्याचं टोक वर वळलं होतं. मग त्यांची बोटं एकेका कळीवर गेली. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. शेवटच्या कळीशी बोटं थांबली.

मी तोंड उघडलं. मला बाबांचा राग आला होता, आणि राग आल्याची लाजही वाटत होती. सरांनी न बघताच माझं मनगट धरलं आणि दाबलं.

मग त्यांनी यंत्राला दोन्ही हात जोडले.

"बरं केलं भाऊ," ते म्हणाले. इतक्या दिवसांत मी त्यांना प्रमाण मराठीच बोलताना ऐकलं होतं. त्या दिवशी ते बाबांच्या बोलीत बोलले. "माह्या तं ध्यानातच नव्हतं. बिचारी मशीन, उन्हाळ्यापासून राबून राहिली. तिलेही सुटी पाहिजेच."

"मी तेच म्हणलं," बाबा म्हणाले आणि आपट्याची पानं पुढे केली. "घ्या, सोनं घ्या."

सर वाकले. बाबा वयाने लहान, तरी वाकले. बाबा गोंधळून मागे सरले, "अहो सर, काय करता!" मग दोघं व्हरांड्यात बसून संत्री सोलत राहिले. सरांनी बाबांना विचारलं, झाडाला फळांचा भार झाला की तुम्ही फांदीला बांबूची टेकी कुठे देता, मध्ये की टोकाजवळ. बाबा हाताने दाखवत राहिले. सूर्य कलला तरी त्यांचं संपेना.

बाबा गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी बटण दाबायला गेलो. सर म्हणाले, "राहू दे. आता याला विचारण्यात अर्थ नाही. याला खाली कुठे ते कळलं."

"सर, बाबांना माहीत नव्हतं..."

"त्यांना कळू देऊ नकोस. तो माणूस पूजा करून गेला आहे."

दोन दिवसांनी खालच्या कळ्या उमलल्या. नळ्यांना बाक होता. तो त्या एका दिवसाने आला, की येणारच होता, हे आता कुणालाच सांगता येण्यासारखं नव्हतं. संध्याकाळी व्हरांडाभर वास सुटला. सर खुर्चीत बसून राहिले. त्यांनी ओळंबा बाहेर काढला नाही.

काकूंनी कुंपणावरून विचारलं, "काय हो, झालं का तुमचं फूल?"

"नाही हो. त्या दिवशी लाइन गेली होती."

"आमच्याकडे तं होती!"

"आमच्याकडची गेली होती."

"अन् ती बॅटरी?"

"तीही गेली." सर म्हणाले. काकू परडी घेऊन आत गेल्या.

दिवाळीनंतर ताई आल्या. यंत्र सोडवलं, रिम भंगारात गेली. राहिलेले कंद सरांनी रुमालात बांधून ट्रंकेत ठेवले. जाताना ओळंबा माझ्या हातात दिला. "मला आता दिसणार नाही तो कुठे लटकतो ते." टॅक्सीत बसल्यावर म्हणाले, "सरळ चालत जा." मला वाटलं त्यांनी रस्ता सांगितला.

सुरुवातीला मी फोन करायचो. सर विचारायचे, कपाशीला पात्या लागल्या का. ताईंच्या फ्लॅटला ऊन येत नव्हतं, कंद कुजले. मग त्यांना ऐकूही कमी येऊ लागलं आणि फोन ताईच घेऊ लागल्या. मला कळमेश्वरच्या एमआयडीसीत एका प्रयोगशाळेत नोकरी लागली. ओळंबा माझ्या खोलीत खिळ्याला लटकलेला आहे. कूलरची एक बारीक मोटर मी आणून ठेवली आहे. निशिगंधाचे कंद बाजारात कधीही मिळतात. दरवर्षी वाटतं, या उन्हाळ्यात लावू. पण पाहणार कोण, आणि पाहून सांगायचं कुणाला, इथे येऊन मी थांबतो. एकदा पुण्याला जाऊन त्यांना विचारायचं होतं, की तुम्हाला आतून काय वाटत होतं, सरळ निघालं असतं का? तेही राहिलं.

यंदाच्या दसऱ्याला संध्याकाळी बाबांचा फोन आला. सोनं घे वगैरे झाल्यावर ते म्हणाले, "सरायचा फोन नाही आला गा."

"कोणत्या सरांचा?"

"तुह्या घरमालकायचा. दर दसऱ्याले येते. दुपारचाच येते. ऐकू कमी येते त्यायले, मी जोरानं बोलतो."

मला हे ठाऊक नव्हतं. मी विचारलं, काय बोलता तुम्ही?

"काय बोलाचं! ते विचारतेत, 'भाऊ, मोटर बंद ठेवली नं आज?' मी म्हणतो, हो ठेवली. ते म्हणतेत, 'मीही ठेवली.' मंग संत्र्याचं विचारतेत. यंदा नाही आला म्हणून मीच लावला. तं पोरीनं उचलला. गेले गा सर. गणपतीच्या आधीच गेले. तिचा फोन बदलला, तुहा नंबर त्यातच गेला म्हणे."

तिकडे अंगणात कुणीतरी फटाके उडवत होतं, ते फोनमधून ऐकू आलं.

"एक सांग," बाबा म्हणाले. "ते त्या मशीनवर काय करून राहिले होते? मले तवाच विचारावं वाटलं. पण मोठा माणूस, कसं विचारावं."

"निशिगंधाचं फूल सरळ येते का, ते पाहून राहिले होते, बाबा."

"मंग आलं काय?"

"नाही."

"काहून?"

समोर खिळ्याला ओळंबा लटकत होता. पंख्याच्या वाऱ्याने जरासा हलत होता.

"लाइन गेली होती, बाबा."

"बस," बाबा म्हणाले. "ह्या लाइनवाल्यायचं काही खरं नाही गा."